प्लेटलेट घसरल्या, संप्रेरक मात्र शांत

डेंग्यूमुळे प्लेटलेटचा आकडा आता घरोघरी ठाऊक झाला आहे. दीड लाखाच्या खाली गेला की धावपळ सुरू होते. हाच आकडा पोटातल्या बाळाचाही घसरू शकतो, आणि तिथे ना ताप असतो, ना अंगावरचे लाल ठिपके कुणाला दिसतात. कधी कधी मेंदूत रक्तस्राव झाल्यावरच ते उघडकीस येतं.

याचं एक गंभीर कारण आईच्याच रक्तात असतं. प्लेटलेटवरच्या एका प्रथिनात ३३ व्या जागी बहुतेकांमध्ये ल्युसिन हे अमिनो आम्ल असतं, काहींमध्ये प्रोलिन. युरोपीय वंशाच्या सुमारे २ टक्के स्त्रियांमध्ये ल्युसिनवालं रूप, म्हणजे एचपीए-१ए, नसतंच. बाळाला ते वडिलांकडून मिळालं, तर आईच्या शरीराला ते परकं वाटू शकतं. मग तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या प्लेटलेट नष्ट करतात. आई आणि बाळाचा आरएच रक्तगट जुळत नसेल, तर पहिलं मूल बहुधा सुखरूप सुटतं. इथे पहिल्या बाळालाही धोका असतो.

इतक्या प्लेटलेट नष्ट होत असताना बाळाचं शरीर नव्या बनवा म्हणून ओरडत असेल, असं आपल्याला वाटतं. तो निरोप देणारं संप्रेरक म्हणजे थ्रोम्बोपोएटिन. १९९४ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी ते शोधलं. पण अशा बाळांच्या रक्तात त्याची पातळी नेहमीइतकीच किंवा किंचित वाढलेली आढळते. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

यकृत हे संप्रेरक बऱ्यापैकी एका गतीने बनवत राहतं. प्लेटलेट आणि त्यांना जन्म देणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशी ते पकडून गिळून टाकतात. नळाला पाणी रोज तेवढंच यावं आणि किती उरेल ते खाली लावलेल्या हंड्यांवर ठरावं, तसा हा हिशेब आहे. प्रतिपिंडांच्या आजारात प्लेटलेट मरतात, पण मेगाकॅरिओसाइट भरपूर असतात आणि संप्रेरक गिळत राहतात. जन्मजात दोषामुळे या पेशीच बनत नसतील, तर गिळायला कुणी उरत नाही आणि पातळी भरमसाट वाढते. प्लेटलेटचा आकडा दोन्ही प्रकारांत सारखाच. रोग मात्र वेगळा. नाश होतोय की निर्मितीच थांबलीय, हे संप्रेरकाच्या पातळीवरून ओळखायला मदत होते.

मात्र त्यासाठी बाळाचं रक्त हवं. १९८० च्या दशकात पॅरिसच्या फर्नांड डाफोस यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत नाळेच्या शिरेत सुई घालून ते काढण्याची पद्धत रुजवली. प्लेटलेट कमी असतील, तर सुई टोचलेल्या जागीच रक्त थांबत नाही. म्हणून जुळणाऱ्या प्लेटलेटची पिशवी आधीच तयार ठेवतात आणि गरज पडली तर सुई काढण्यापूर्वी त्याच वाटेने बाळाला देतात. एवढी जोखीम असल्यामुळे आता शक्यतो ही तपासणी टाळतात.

मग संप्रेरकच औषध म्हणून का देऊ नये? १९९० च्या दशकात प्रौढांवर त्याचं एक कृत्रिम रूप वापरून पाहिलं. काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, त्यांनी स्वतःचं थ्रोम्बोपोएटिनही निकामी केलं आणि प्लेटलेट आणखी घसरल्या. पुढे वेगळ्या रचनेची औषधं आली, पण ती मुख्यतः प्रौढांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी आहेत. प्रतिपिंडांच्या आजारात बाळाच्या पेशी आधीच कामाला लागलेल्या असतात. त्यामुळे आजही मुख्य उपचार आईवरच होतो: दर आठवड्याला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, आणि तेही बहुधा पहिलं मूल या आजारातून गेल्यावर, पुढच्या बाळासाठी.