श्वासाची वाट : लेखांक ९
छातीतला कफ कसा निघतो

फुप्फुसात कफ तयार होणे हा आजार नाही. श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर कायम असतो आणि श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, काजळी, जंतू त्यात अडकतात. या थराखाली केसांहून कितीतरी सूक्ष्म तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा घशाच्या दिशेने फटकारे मारतात आणि वरचा थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने पुढे सरकवतात. घशाशी पोचलेला कफ निरोगी माणूस नकळत गिळून टाकतो. तंतू निकामी झाले, कफ वाढून घट्ट झाला किंवा नळ्या फुगून वेड्यावाकड्या झाल्या, की ही वाहतूक तुंबते आणि सगळा भार खोकल्यावर येतो.

बीड जिल्ह्यात हे तिन्ही बिघाड घडवणारी कारणे रोजच्या जगण्यातच आहेत. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, शेणाच्या गोवऱ्या जळतात. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने स्वयंपाक कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, किंवा कोपीच्या तोंडाशी होतो. जळण ओले, थंडी बोचरी आणि धुराला जायला वाट नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख, वीटभट्ट्या, जिनिंगमधला कापसाचा भुसकट धुरळा आणि मळणीयंत्रापुढे उडणारे कूस यांची भर वेगळीच. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांनाही श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा विकार होतो, हे २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ठळकपणे मांडले. चुलीचा धूर हे त्यातले मोठे कारण. त्याखेरीज क्षयरोग बरा झाल्यावरही काहींच्या नळ्या रुंदावलेल्याच राहतात. त्यात कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे नळीची भिंत आणखी खराब होते आणि कफ आणखी वाढतो. औषधांच्या जोडीने कफ रोजच्या रोज बाहेर काढणे हा हे चक्र तोडण्याचा एक मार्ग आहे.

खोकल्याची रचना पाहिली तर त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. आधी खोल श्वास घेतला जातो. मग स्वरयंत्राचे दार सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग बंद राहते आणि तेवढ्यात पोटाचे व बरगड्यांचे स्नायू आवळून छातीतला दाब प्रचंड वाढवतात. जोरदार खोकल्यात तो पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. दार उघडताच हवा सुसाट बाहेर पडते आणि कफाला ओढून नेते. पण श्वासनळी आत शिरल्यावर सुमारे २३ वेळा फाटत जाते आणि खोकल्याचा जोर पहिल्या सहा-सात फाट्यांपर्यंतच पुरतो. त्याच्या पलीकडचा कफ जागचा हलत नाही. शिवाय आजारी नळ्यांच्या भिंती मऊ पडलेल्या असतात. एवढ्या दाबाखाली त्या मिटतात आणि कफ मागेच कोंडला जातो. रात्रभर खोकून बरगड्या दुखाव्यात, डोळ्यांपुढे अंधारी यावी आणि हाती चमचाभर बेडकाही लागू नये, असे घडते ते यामुळे. ‘जोर लावून खोक, मोकळं वाटेल’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. जोराआधी कफाच्या मागे हवा पोचायला हवी. हवा मागे नसेल तर ढकलणार कोण?

श्वसनाच्या बहुतेक सगळ्या पद्धती याच एका गोष्टीभोवती फिरतात. त्यांतली सर्वांत उपयोगी, बिनखर्चाची आणि कुठेही करता येणारी पद्धत तीन टप्प्यांच्या चक्राची आहे. तिचा गाभा न्यूझीलंडमध्ये १९६०च्या दशकात आकाराला आला. पुढे लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टांनी तिला शिस्त लावली.

पहिला टप्पा शांत श्वासाचा. पाठ टेकवून बसावे, खांदे सैल सोडावेत, एक हात पोटावर ठेवावा. श्वास नाकाने आत घेताना पोट हलके वर यावे आणि सोडताना आपसूक खाली जावे. अर्ध्या ते एक मिनिटाचे हे काम आळशीपणाचे वाटते, म्हणून बहुतेक जण ते गाळतात. ते गाळले तर पुढच्या जोराच्या श्वासांनी नळ्या आवळतात आणि छातीत सूं-सूं सुरू होते. दम्याच्या रुग्णाने तर ते कधीच गाळू नये.

दुसरा टप्पा छाती फुलवण्याचा. हात बरगड्यांच्या खालच्या भागावर दोन्ही बाजूंनी ठेवून नाकाने सावकाश, पूर्ण श्वास घ्यावा, तीन सेकंद रोखावा आणि जोर न लावता सोडावा. असे तीन-चार वेळा. रोखण्याचे ते तीन सेकंद फार मोलाचे आहेत. शेजारच्या वायुकोशांच्या भिंतींत बारीक छिद्रे असतात आणि लहान नळ्यांनाही आडवाटा असतात. मुख्य वाट कफाने बुजली असली तरी थोडा अवधी मिळाला की हवा या आडवाटांनी पलीकडे जाते आणि कफाच्या मागे साठते.

तिसरा टप्पा ‘हफ’चा. तोंड गोल उघडे ठेवून, घसा मोकळा ठेवून, आरशावर वाफ धरण्यासाठी ‘हाऽऽ’ करतात तशी हवा बाहेर टाकायची; फक्त त्याहून जोरात आणि पोटाचे स्नायू आवळून. स्वरयंत्राचे दार मिटत नाही, म्हणून दाब खोकल्याइतका चढत नाही आणि मऊ नळ्या पूर्ण मिटत नाहीत. जोराने श्वास सोडताना नळीत एक जागा अशी येते की तिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. त्या जागेपासून तोंडाकडचा भाग किंचित दबतो, अरुंद झालेल्या वाटेतून हवा वेगाने धावते आणि कफ पुढे रेटते. छाती हवेने भरलेली असताना ही जागा मोठ्या नळ्यांत असते आणि छाती रिकामी होत जाते तशी ती आत, लहान नळ्यांकडे सरकते. त्यामुळे खोलवरच्या कफासाठी मध्यम श्वास घेऊन लांबलचक हफ करायचा, आणि कफ वर आल्याची खरखर घशाजवळ जाणवली की पूर्ण श्वास घेऊन छोटा, जोमदार हफ करायचा. एकदोन हफ झाले की पुन्हा शांत श्वास. कफ घशाशी आल्यावर एखादा खोकला पुरतो.

हे चक्र दहा ते वीस मिनिटे चालते. लागोपाठ दोन हफ कोरडे गेले की त्या वेळचे काम संपले. सकाळी उठल्यावर, कारण रात्रभराचा कफ साचलेला असतो, आणि संध्याकाळी जेवणाआधी, या दोन वेळा सोयीच्या. भरल्या पोटी मात्र नको. नळ्या रुंद करणारा इन्हेलर सुरू असेल तर तो पंधरा मिनिटे आधी ओढावा आणि स्टेरॉइडचा इन्हेलर कफ निघून गेल्यावर.

गुरुत्वाकर्षणाची मदत घेण्याची पद्धत याहून जुनी. छातीचा आजारी भाग वर येईल असे निजून कफ मोठ्या नळीकडे ओघळू द्यावा, ही कल्पना विल्यम एवार्ट या लंडनच्या डॉक्टरने १९०१ साली मांडली. बाजेच्या पायथ्याखाली विटा ठेवून डोके खाली करण्याचा प्रकार त्यातूनच आला. आता तो फारसा सुचवला जात नाही. डोके खाली गेल्याने पोटातले आम्ल घशाशी येते, हृदयरोग्याला धाप लागते आणि रक्तदाब वाढतो. कुशीवर सपाट झोपून तीच चक्रे केली तरी बहुतेकांचे भागते. क्षयाने बिघडलेला भाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या टोकाकडे असतो. माणूस बसला-उभा राहिला की तो भाग आपोआप निचरतो, तेव्हा अशा रुग्णाला उलटे टांगण्याचा खटाटोप बहुधा व्यर्थच. पाठीवर थापट्या मारायच्याच तर हाताची ओंजळ करून, कपड्यावरून, आणि कणा, मूत्रपिंडाची जागा व स्तन टाळून. मोठ्या माणसाला त्यांचा फायदा समजला जातो त्याहून बराच कमी आहे.

ज्यांना चक्राची लय सापडत नाही, त्यांना बाटलीचा प्रयोग जमतो. रुंद तोंडाच्या बाटलीत तळापासून १० सेंटिमीटर पाणी घ्यायचे, त्यात तळापर्यंत नळी सोडायची, नाकाने श्वास घेऊन दोन-तीन सेकंद थांबायचे आणि नळीतून फुंकत बुडबुडे काढायचे. पाण्याच्या त्या थराचा अडथळा श्वास सोडताना नळ्यांना आतून आधार देतो आणि मिटू पाहणाऱ्या वाटा उघड्या राहतात. दहाएक श्वासांनंतर हफ. नळीचे आतले भोक जवळपास एक सेंटिमीटर असावे. घरात पडलेली सलाईनची नळी लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण ती इतकी बारीक असते की पाण्यापेक्षा नळीचाच अडथळा जास्त होतो आणि माणूस दमतो. बाटलीचे तोंड बंद करू नये, पाणी रोज बदलावे, नळी धुऊन वाळवावी. कोविडच्या काळात घराघरांत पोचलेले तीन चेंडूंचे यंत्र मात्र निराळे. ते फुंकायचे नसून ओढायचे असते. त्याने छाती फुलते, पण कफ बाहेर येत नाही.

वाफ घेतल्याने घसा ओला होतो, बरे वाटते, एवढेच. उकळत्या पातेल्यावर लहान मुलाला धरू नये, कारण भाजण्याचे प्रकार होतात. भरपूर पाणी प्यायल्याने कफ पातळ होतो या समजुतीला फारसा आधार नाही. मात्र उन्हातान्हात फडात राबणाऱ्याचे शरीर कोरडे पडले तर कफ घट्ट होतो, हे खरे.

शस्त्रक्रियेनंतर पोटावर टाके असतील तर उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी टाक्यांवर घट्ट दाबून खोकावे किंवा हफ करावा. दुखते म्हणून खोकला दाबणाऱ्याच्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. त्या शस्त्रक्रिया, बाळंतपणे आणि डोक्यावरून वाहिलेल्या मोळ्या यांच्या जोडीला जुनाट खोकला असला की खोकताना लघवी थेंबथेंब सुटते. बायका हे कुणाला सांगत नाहीत आणि खोकलाच गिळतात. लघवी रोखताना आवळतात ते स्नायू खोकण्याआधी क्षणभर आवळून धरले, तर गळती कमी होते. हफला खोकल्याहून कमी दाब लागतो, त्यामुळे त्यांच्यासाठी तोच सोयीचा.

बेडक्यात रक्त, छातीत अचानक एका बाजूला कळ, ओठ निळे पडणे, बोलताना वाक्य तोडावे लागण्याइतकी धाप, यांपैकी काहीही दिसले तर सगळे प्रकार थांबवून रुग्णालय गाठावे. बरगडी मोडलेली, डोळ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत.

दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी, मग बाकीचे. तिथेही हेच तंत्र कामी येते. डबीत थुंकी दिली जाते आणि खरा कफ राहून जातो, मग तपासणीत काही सापडत नाही. नमुना देताना पाण्याने खळखळून चूळ भरावी, मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब उभे राहावे, दोनदा खोल श्वास घेऊन रोखावा आणि तिसऱ्या श्वासानंतर तळातून खोकावे. फेसाळ, पाण्यासारखे आले तर ती लाळ. घट्ट, पिवळसर आले तर तो नमुना. दोन ते पाच मिलिलिटर पुरते, आणि सकाळी उठल्याउठल्याचा नमुना सर्वांत चांगला. रोग निघाला तर नाव ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत नोंदले जाते आणि त्या नोंदीवर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यातही पुढे चालू ठेवता येतात. टोळीबरोबर निघालेल्याने नोंदीचा क्रमांक जवळ ठेवावा.

(पुढील लेखांक : इन्हेलर ओढण्याची रीत)