कमी टिकटिक, तरी अधिक बिनचूक!

घरात आजोबांचे चावीचे मनगटी घड्याळ पडून असेल तर त्याला चावी द्या आणि कानाशी धरा. एच. एम. टी.चे ‘जनता’ मिळाले तर फारच छान! त्यातून सेकंदाला पाच टिकटिक ऐकू येतील. आता सेलवर चालणारे क्वार्ट्‌झ घड्याळ ऐका. त्यात सेकंदाला एकच टिक! पण पहिले दिवसाकाठी दहा-वीस सेकंद सहज चुकते, तर दुसरे महिन्याभरात सुमारे पंधरा सेकंदच चुकते. हे कसे काय?

कोणत्याही घड्याळात एकच हालचाल ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा करणारी एखादी वस्तू लागते. भिंतीवरच्या जुन्या घड्याळात ती लंबक असते. चावीच्या मनगटी घड्याळात केसासारख्या बारीक स्प्रिंगला जोडलेले एक चाक पुढे-मागे फिरत असते. चावी दिली की मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना दंतचक्रे फिरू पाहतात. एक चिमुकली तरफ त्यांना अडवते. चाकाच्या प्रत्येक हेलकाव्याला ती दंतचक्राचा एक दात सोडते, दुसरा अडवते आणि चाकालाही हळूच धक्का देते. टिकटिक होते ती या धडकेची. दिवसाला 4,32,000 वेळा!

दिवसाचे सेकंद 86,400. त्यांत दहांची चूक म्हणजे साडेआठ हजारांत एक. गणितात असे गुण आपल्यापैकी किती जणांना मिळतात? तेव्हा या घड्याळाला नावे ठेवू नका. त्याची अडचण अशी की, त्या चाकाला कोणी स्वस्थ झुलू देत नाही. तरफेचा धक्का, घट्ट होत जाणारे तेल, उतरत जाणारी चावी, मनगटाची बदलती स्थिती – सगळ्यांचा त्याला उपद्रव.

आता क्वार्ट्‌झ. क्वार्ट्‌झ म्हणजे आपल्या ओळखीची गारगोटीच, पण घड्याळासाठी तिचा शुद्ध स्फटिक लागतो. स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी 1880 साली दाखवले. उलट, त्याला विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो. घड्याळात अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा, नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक हवा काढलेल्या डबीत बंद असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो.

हा विचित्र आकडा कशासाठी? त्याची निम्मी करा, पुन्हा निम्मी करा. पंधराव्या वेळी बरोबर 1 उरेल! घड्याळातले विद्युत-मंडल हेच करते आणि सेकंदाला एकदा चिमुकल्या मोटरला ढकलते. म्हणजे आपण ऐकतो ती टिक या मोटरची. खरा वेळ मोजणारा आपल्याला ऐकूच येत नाही.

मात्र केवळ वेगामुळे हा स्फटिक बिनचूक ठरत नाही. त्याला तरफ शिवत नाही, तेल लागत नाही, घड्याळ उभे की आडवे याची त्याला फारशी पर्वा नसते. तापमानाचा त्रास मात्र त्यालाही होतो. साधारण 25 अंश सेल्सिअसला तो ठीक चालतो. त्याहून थंडी असो वा उष्मा, तो मंदच होतो.

25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत होती साडेचार लाख येन! त्यातला स्फटिक सेकंदाला 8,192 कंपने करी. त्याची किती वेळा निम्मी करावी लागेल, ते तुम्हीच काढा.

आणि एक प्रयोग. चावीचे घड्याळ रात्री मोबाइलच्या वेळेशी जुळवा, पूर्ण चावी द्या आणि तबकडी वर करून ठेवा. चोवीस तासांनी फरक लिहून घ्या. दुसऱ्या रात्री पुन्हा जुळवून, चावी देऊन ते कडेवर उभे ठेवा. दोन्ही फरक बहुधा सारखे येणार नाहीत. क्वार्ट्‌झ घड्याळाची चूक पकडायला मात्र महिनाभर थांबावे लागेल.