गजकर्ण झालेलं पिल्लू

कानामागचे केस झडलेले, नाकाच्या शेंड्यावर राखाडी खपली, बाकी मांजराचं पिल्लू टुणटुणीत. डॉक्टर म्हणतात, ‘फंगल आहे.’ घरात लगेच दोन प्रश्न निघतात: आपल्याला होईल का? आणि आता याला ठेवायचं कुठे? पहिल्याचं उत्तर सरळ आहे. होऊ शकतं, विशेषतः लहान मुलांना, आणि औषधाने बरंही होतं. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र जगभरात कितीतरी पिल्लं रस्त्यावर आली, पिंजऱ्यात खितपत पडली, प्राणी-निवाऱ्यांमध्ये तर सरळ इंजेक्शन देऊन संपवली गेली. गेल्या साठ-पासष्ट वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. औषध तसं लवकर हाती आलं, धास्ती जायला मात्र फार वेळ लागला.

या धास्तीला कारण होतं. मांजरांतलं गजकर्ण बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतं आणि तीच बुरशी मुलांच्या डोक्यात चाई पाडते. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेमों साबूरो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बुरशांची शिस्तशीर वर्गवारी केली. पण उपचार म्हणून त्यांच्या हाती होते ते क्ष-किरण. मुलाच्या डोक्यावर किरण सोडायचे, म्हणजे केस गळतात आणि केसांबरोबर बुरशीही जाते. ही पद्धत पुढे अर्धशतक चालली. इस्रायलमध्ये हजारो स्थलांतरित मुलांवर ती वापरली गेली आणि त्यांच्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचे आणि मेंदूचे ट्यूमर झाले. पोटच्या मुलांची ही गत, तिथे मांजराच्या पिल्लाची कोण पत्रास ठेवणार?

1958 साली चित्र पालटलं. ग्रिसिओफल्विन हे द्रव्य 1939 मध्येच पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून वेगळं काढलेलं होतं, पण तोवर ते वापरलं जात होतं ते झाडांच्या रोगांवर. ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी ते गिनिपिगांना तोंडावाटे दिलं आणि त्यांचं गजकर्ण बरं झालं. वर्षभरातच अमेरिकेत कॅप्लन आणि अजेलो यांनी तोच प्रयोग मांजरांवर करून दाखवला. बुरशीवर बुरशीचाच उतारा! औषध तेलकट-तुपकट खाण्यासोबत द्यायचं, म्हणजे अंगी लागतं. पण गाभण मांजरीला दिलं तर पिल्लांत व्यंग येई, आणि एफआयव्ही या विषाणूची लागण असलेल्या मांजरांच्या अस्थिमज्जेवर त्याचा घाला पडे. पुढे इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध आलं आणि ग्रिसिओफल्विन हळूहळू मागे पडलं.

मधल्या काळात आशाही बऱ्याच लावल्या गेल्या. अमेरिकेत मांजरांसाठी लस निघाली आणि बाजारातून गेलीही. 2000 साली इस्रायलमधून बातमी आली की पिसवांवरचं लुफेन्यूरॉन हे औषध गजकर्णावरही चालतं. तर्क मोहात पाडणारा होता: ते कीटकांच्या कवचातल्या कायटिनवर काम करतं आणि बुरशीच्या भिंतीतही कायटिन असतंच. पुढे नियंत्रित प्रयोगांत मात्र ते फोल ठरलं.

खरा बदल झाला तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी, आणि तोही नव्या औषधामुळे नव्हे. तिथल्या विद्यापीठातल्या कॅरन मोरिएल्लो आणि निवाऱ्यात काम करणाऱ्या सँड्रा न्यूबरी यांनी गजकर्ण झालेल्या मांजरांसाठी स्वतंत्र जागा केली आणि रोजच्या कामातून माहिती गोळा केली. साधनं किरकोळ होती. अंधाऱ्या खोलीत वुड्सचा अतिनील दिवा पिल्लाच्या तोंडाजवळ धरायचा. बुरशी भिनलेला केस मुळापासून हिरव्या सफरचंदासारखा उजळतो. खपल्या, मलम, धूळ यांचीही चमक दिसते, पण ती निळसर-पांढरी, आणि नवशिके हमखास तिथेच फसतात. निम्म्या मांजरांत दिव्याने काही दिसतच नाही असं पुस्तकं सांगत आली होती. नीट पाहिलं तर उपचार न झालेल्या बहुतेक सगळ्या मायक्रोस्पोरम कॅनिसच्या लागणींत कुठे ना कुठे हिरवा केस सापडतोच. मग नवा कोरा टूथब्रश अंगभर फिरवायचा आणि त्याचे दाते कल्चरच्या, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्याच्या, बशीत टोचायचे.

उपचार दोन्हीकडून: पोटात इट्राकोनॅझोल आणि आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या कोमट पाण्याचं स्नान. हे पाणी धुवायचं नाही, अंगावरच वाळू द्यायचं, तोंडावरून स्पंजाने पुसून घ्यायचं. वास सडक्या अंड्यांचा. पांढरं पिल्लू पिवळं होतं, हातातली चांदीची अंगठी काळी पडते. मी म्हणेन, इतक्या जुनाट आणि ओंगळ औषधाने इतकं चोख काम करावं हा आधुनिक औषधशास्त्राला चिमटाच आहे. कातडीवरच्या बीजाणूंचा बंदोबस्त ते करतं, गोळी करत नाही.

2017 मध्ये मोरिएल्लो आणि सहकाऱ्यांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, त्यांनी जुन्या भीतीची बरीच हवा काढली. धडधाकट मांजरात हा रोग आपला आपण बरा होतो. औषध द्यायचं ते लवकर आटपावं आणि पसरू नये म्हणून. बीजाणू घरात महिनोन्‌महिने टिकतात, पण भिंतीवर, गालिच्यात वाढत नाहीत. केस झाडून-पुसून काढले, साबणाने घासलं आणि मग जंतुनाशक फिरवलं की पुरे. घराला धुरी द्यायला नको. आणि कोंडून ठेवण्याबद्दल तर स्पष्टच म्हटलं आहे की ते शक्य तितकं थोडं असावं. माणसाची ओळख पिल्लाला साधारण दोन ते नऊ आठवड्यांच्या वयात होते. ते दिवस पिंजऱ्यात गेले तर कातडी बरी होते आणि मांजर जन्मभर बुजरं राहतं.

इट्राकोनॅझोलचं मांजरांसाठीचं पातळ औषध युरोपात आधीपासून होतं, अमेरिकेत त्याला 2016 मध्ये मान्यता मिळाली. एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं, असे तीन फेरे.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्याच ठिकाणी अडते. घराघरात स्टिरॉइड मिसळलेल्या नायट्याच्या मलमाची अर्धी ट्यूब पडलेली असते, तीच पिल्लालाही चोळली जाते. खाज थांबते, चट्टा फिका पडतो, आत बुरशी फोफावते, आणि उरलेलं मलम पिल्लू चाटून पोटात घेतं. गेल्या दशकात भारतभर माणसांत जो चिवट नायटा पसरला, त्याची बुरशी निराळी, 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने ओळखली गेलेली. ती मुख्यतः माणसाकडून माणसाला लागते, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही. तरी कमरेवर चट्टा उठला की आळ येतो तो घरातल्या मांजरावर. पिल्लू घराबाहेर काढण्याआधी एक टूथब्रश आणि एक कल्चर केलं, तर कोणती बुरशी कोणाच्या अंगावर आहे ते दोनेक आठवड्यांत कळतं.