छात्राध्यापकाची विद्युत्-संचिका

भिवंडीजवळच्या अंजूरचें नांव निघालें कीं गंगाजी नाईक आणि १७३९ ची वसई आठवते. आज मात्र आपण तेथील शाळेंत डोकावूं. समजा, एक छात्राध्यापिका सहावीला अपूर्णांक शिकवीत आहे. परीक्षक येतात तो दिवस एकच. तक्ते नवे, मुलें पढविलेलीं! आदल्या आठवड्यांत फसलेला पाठ कोणासच दिसत नाहीं, आणि ती खरोखर शिकली ती त्याच पाठांत.

२०१४ च्या नियमांनीं बी. एड. दोन वर्षांचें झालें व त्यांतील शालेय आंतरवासिता वीस आठवड्यांची. या आठवड्यांचा हिशेब विद्युत्-संचिका ठेवते: पाठटाचण, वर्गाचें चित्रण, वह्यांचीं छायाचित्रें, मार्गदर्शकाचा शेरा आणि त्यानंतर बदललेलें टाचण, सर्व तारीखवार. चार हे तीनांहून मोठे, म्हणून एक-चतुर्थांश एक-तृतीयांशाहून मोठा, असें मुलें म्हणालीं. ही चूक कोठून आली हें तिनें दुसऱ्या टाचणांत ओळखलें काय? गुण त्याला द्यावेत, मुखपृष्ठाला नव्हे.

उसनें टाचण पूर्वीं निदान हातानें उतरावें लागे. आतां तेवढेहि श्रम नाहींत. म्हणून संचिका समोर ठेवून पंधरा मिनिटें तोंडी प्रश्न विचारावेतच. मुलांचे चेहरे मात्र पालकांच्या संमतीवांचून तींत येऊं नयेत.