टाक्यांवरची नजर
(लेखांक ७)

आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात, लोणी-धामणीच्या शिवारात, मळ्यातल्या वस्तीची राखण कुत्र्याकडे असते. कुत्रीची नसबंदी करायचं घरात ठरलं, की बोलणं होतं ते दवाखान्याचं, गाडीचं आणि खर्चाचं. पुढच्या दिवसांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. ऑपरेशन तासाभरात उरकतं. जखम मात्र दहा ते चौदा दिवस भरत राहते, आणि तेवढे दिवस ती घरच्यांच्याच भरवशावर असते.

मादीचं पोट उघडून बीजकोश आणि बहुतेकदा गर्भाशयही काढतात. छेद बेंबीखाली मधोमध असतो किंवा कुशीत. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीत अनेक डॉक्टर कुशीतला छेद पसंत करतात, कारण ती जखम लांबूनही दिसते. बाहेर दिसतात ते टाके फक्त कातडीचे. त्याखाली स्नायूंचा थर वेगळा शिवलेला असतो, विरघळणाऱ्या दोऱ्याने. तीन आठवड्यांनंतरही भरलेल्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम एकपंचमांश ताकद आलेली असते. वरून खपली सुकली, कुत्री शेपटी हलवायला लागली, म्हणून तिला बांधावरून उड्या मारू देणं धोक्याचं आहे.

जखम रोज दोनदा पाहावी, सकाळी आणि संध्याकाळी, चांगल्या उजेडात. दोन्ही कडा चिकटलेल्या, रंग किंचित गुलाबी, थोडी सूज, पहिल्या दिवशी रक्तमिश्रित लशीचा एखादा थेंब, एवढं चालतं. नराची वृषणाची पिशवीही काही दिवस सुजलेली राहते. पण हे सगळं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लाली किंवा सूज वाढत असेल, तर जखम चिघळते आहे असं समजावं. रोज एकाच जागी, एकाच बाजूने मोबाइलवर फोटो काढला की फरक लगेच कळतो, आणि तोच फोटो डॉक्टरांना पाठवता येतो.

पू, घाण वास, न थांबणारं रक्त, उसवलेला टाका, छेदाखाली आलेला मऊ फुगवटा, पांढुरक्या हिरड्या, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नये. पोटातलं काही बाहेर आलं असेल, तर ते आत ढकलू नये. स्वच्छ ओलं फडकं लावून तसंच दवाखान्यात न्यावं. ताप मात्र हाताने कळत नाही. निरोगी कुत्र्याचं अंगच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, ते आपल्या हाताला गरमच लागतं. त्यासाठी थर्मामीटरच हवा.

आता सगळ्यात चिवट समजुतीबद्दल. कुत्रं चाटून जखम बरी करतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्याच्या तोंडात जंतूंची कमी नसते, जीभ खरखरीत असते, आणि टाका दातात धरून ओढायला त्याला काही क्षण पुरतात. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर त्यासाठीच असते. तिला धडका देत फिरणाऱ्या जनावराची दया येते, आणि जेवताना काढलेली कॉलर परत घालायची राहून जाते. तेवढ्यात नुकसान होतं. दया वाटली तरी कॉलर राहू द्यावी.

हळद, राख, चुना, फिनेल यातलं काहीही जखमेवर लावू नये. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच लावावं. टाके निघेपर्यंत आंघोळही नको. घरातल्या डब्यातली वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर मरू शकतं, आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पावसाळ्यात आणखी एक धोका माशांचा. ओल्या जखमेवर घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात. म्हणून गोठ्यात किंवा शेणाजवळ नव्हे, तर कोरड्या, झाडलेल्या जागेत जनावर ठेवावं.

या भागात रात्रीचीही काळजी आहे, बिबट्याची. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र ज्या जुन्नर वनविभागात आहे, त्यातच आंबेगावही येतं. जुन्नरशेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात सर्वाधिक वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. नुकतं ऑपरेशन झालेलं, कॉलरमुळे आजूबाजूचं नीट न दिसणारं, साखळीला बांधलेलं कुत्रं पळणार कुठे? टाके असेपर्यंत तरी त्याला रात्री दाराआड घ्यावं.

नराच्या बाबतीत एक राहिलंच. नसबंदीनंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते, त्यामुळे त्याला महिनाभर माद्यांपासून लांब ठेवावं.

आणि टाके काढायची तारीख आजच लिहून ठेवा, दुधाचा हिशोब मांडता त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर.