सुभाष रोडवरून परळपर्यंत

धारवाडच्या सुभाष रोडवर, मनोहर ग्रंथमाला या कन्नड प्रकाशनसंस्थेच्या माडीखाली, बाजाराच्या दिवशी कन्नडबरोबर मराठीही कानावर पडते. या भागातल्या मराठी घरांना मागच्या पिढीत स्तनाच्या कर्करोगाबद्दल एवढंच ठाऊक होतं: पेशंटला मिरजेला न्यायचं, नाहीतर मुंबईला परळच्या ‘टाटा’ हॉस्पिटलात. तिथे छाती काढतात, पुढे देवाची मर्जी. लाइट, म्हणजे किरणांचा उपचार, पाच-सहा आठवडे घ्यावी लागे, म्हणून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. पुढे हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि हा प्रवास बऱ्याच जणींसाठी टळला.

त्या काळी छाती काढण्यामागे हॅल्स्टेड या अमेरिकन सर्जनचं एकोणिसाव्या शतकाअखेरचं शास्त्र होतं: स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. ते खोडायला 1973 साली मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी आणि 1976 साली अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी चाचण्या सुरू केल्या. फक्त गाठ काढून किरणं दिली तर चालेल का? आपल्यावर कुठला उपचार व्हायचा हे चिठ्ठीवर सोडायला अडीच हजारांवर बायका तयार झाल्या. 2002 साली वीस वर्षांचे निकाल आले: स्तन राखलेल्या बायका तितक्याच जगल्या. त्या अनोळखी बायकांचे उपकार आपल्यावर आहेत.

आपल्याकडचं मोठं काम 1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू झालं. टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पथकाने दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासू लागल्या. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, डॉक्टर नाही. 2021 साली निकाल छापला गेला. सर्व वयांच्या बायकांत मृत्यू पंधरा टक्के कमी दिसले, पण तो योगायोगही असू शकतो असं संशोधकांनीच सांगितलं. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र घट तीस टक्क्यांच्या जवळपास होती. हा आकडा नंतरच्या विश्लेषणातला आहे, तरी माझ्या मते जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी याच अभ्यासाकडे सगळ्यात आधी बघावं.

दुसरं काम टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांचं. ऑपरेशनच्या आधी सात ते दहा मिनिटं, गाठीच्या चहूबाजूंनी लिडोकेन टोचायचं. दात काढताना भूल देतात, तेच औषध. अकरा केंद्रांवरच्या सोळाशेच्या आसपास स्त्रियांत पाच वर्षांनी जगणाऱ्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. 2022 साली पॅरिसच्या परिषदेत हे मांडलं गेलं. इतर देशांनी ही चाचणी पुन्हा करून बघायलाच हवी. पण काही रुपयांचं औषध एवढं करू शकत असेल, तर ते आपल्या गावातल्या ऑपरेशन थिएटरातही पोचलं पाहिजे.

लाइटही आटोपशीर झाली. 2020 साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात पाच वेळा किरणं देऊन तितकाच परिणाम साधला. मुलं घरी ठेवून आलेल्या बाईला याची किंमत विचारा.

उपचार संपल्यावरचं जगणं मात्र लांबलचक असतं. संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, पाच वर्षं घ्यायची. काही जणींना दहा वर्षं घेण्याचा फायदा 2012 सालच्या संशोधनाने दाखवला. अंगातून वाफा येतात, झोप मोडते, आणि कित्येक जणी डॉक्टरांना न सांगताच गोळी सोडून देतात. या त्रासाबद्दल घरात बोललं जात नाही, हे मला सगळ्यात बोचतं. गोळी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला, त्रासावर उपाय असतात.

आणि एक विनंती. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती लपवली जाते. लग्नसराई उरकू दे, मुलीची परीक्षा होऊ दे, असं म्हणत थांबू नका. गाठ हाताला लागली की त्याच आठवड्यात दाखवा.