शेल्बी काउंटी, टेनेसी : वाहतूक व मालवाहतूक
शेल्बी काउंटी ही अमेरिकेच्या टेनेसी राज्याच्या नैर्ऋत्य टोकावरील काउंटी आहे. हिचे प्रशासकीय केंद्र मेम्फिस येथे आहे. मिसिसिपी नदीकाठच्या या प्रदेशात जलमार्ग, लोहमार्ग, महामार्ग आणि हवाईमार्ग एकत्र येतात. १८९२ मध्ये नदीवर रेल्वेपूल झाल्यावर कापसाच्या या बाजारपेठेचे रेल्वेमार्गांच्या जाळ्यातील महत्त्व वाढले. आज येथे पाच मोठ्या रेल्वे कंपन्यांचे मार्ग येतात. पूर्व-पश्चिम आय-४० आणि उत्तर-दक्षिण आय-५५ हे महामार्गही येथून जातात.

१९७३ मध्ये फेडेक्सने मेम्फिस विमानतळावरून सेवा सुरू केली. देशाच्या मध्याजवळील स्थान आणि विमानोड्डाणास अनुकूल हवामान यांमुळे हे ठिकाण सोयीचे ठरले. देशभरातील पार्सले रात्री येथे आणली जातात व वर्गवारीनंतर पहाटेपूर्वी रवाना होतात. १९९३ ते २००९ या काळात हा मालवाहतुकीच्या बाबतीत जगातील सर्वांत व्यस्त विमानतळ होता.

मात्र मेम्फिस येथे नदी ओलांडणारे महामार्गांचे दोनच पूल आहेत. मे २०२१ मध्ये आय-४० वरील हर्नान्डो डी सोटो पुलाच्या तुळईत तडा आढळल्याने तो बंद करण्यात आला. पुलाखालील बार्ज वाहतूकही काही दिवस थांबली. पूल पूर्णपणे खुला होण्यास ऑगस्ट उजाडला. तोपर्यंत सर्व भार आय-५५ च्या १९४९ सालच्या पुलावर पडला.